खंडूचा कारकून झाला तो फाल्गुन

माघ सरत आला की धारच्या शिवारात अफू फुलते. लांबून पाहणाऱ्याला ती पांढरी शेतं फार आवडतात. आमच्या शाळेच्या तपासणीला येणारे साहेब तर टांगा थांबवून खाली उतरतात, हात मागे बांधून उभे राहतात आणि ‘वा, काय शोभा!’ म्हणतात. साहेबांनी जरा दम धरावा. पाकळ्या गळून बोंडांना चिरा पाडायला सुरुवात झाली, की सकाळच्या दवाबरोबर जो वास गावात शिरतो तो एकदा घेऊन पाहावा. कच्चा, ओला, थोडा गोड, थोडा सडका. बायका सकाळी बोंडांवरचा चीक खरवडून तेलाच्या भांड्यात जमवतात. मग तो चीक आणि ते तेल त्यांच्या लुगड्यांना लागतं, हातांना लागतं, त्या हातांनी थापलेल्या भाकरीलाही लागतं. दुपारी वर्गात पोरं पेंगतात. ती वासानं पेंगतात की माझ्या शिकवण्यानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला मात्र त्या वासानं मळमळतं. हल्ली ही शेतं कमी होत चालली आहेत. दरसाल एखाद्या शेतात अफूच्या जागी गहू दिसतो आणि लोक हळहळतात. मी हळहळत नाही. त्या दिवसांत मला जेवण जात नाही, आणि कुणी रस्त्यात गाठून ‘काय मास्तर, नवीन काय लिहिताय?’ असं विचारलं की मी रस्ता बदलतो. काही वर्षांपूर्वी असाच माघ सरत होता, असाच वास सुटला होता, आणि मी नुकताच कादंबरीकार झालो होतो.

कादंबरीकार! आज हा शब्द उच्चारताना जीभ विटते. तेव्हा मी तो एकटा असताना मोठ्यानं म्हणून पाहत असे. ‘पागेचे दार’ हे माझ्या कादंबरीचं नाव. मुंबईच्या एका छापखान्यानं ती छापली. गठ्ठा महूपर्यंत आगगाडीनं आणि तिथून धारपर्यंत बैलगाडीनं आला. वाटेत गाडीवानानं त्याच्यावर गुळाची ढेप ठेवली होती. त्यामुळे वरच्या प्रती एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मुंग्यांनी त्या माझ्या आधी वाचून काढल्या होत्या. मी एकेक प्रत ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात वाळवली आणि पहिली चांगली प्रत हेडमास्तरांना नेऊन दिली.

हेडमास्तरांनी ती उलटीपालटी केली, मलपृष्ठ पाहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘भाषा कुणी तपासून दिली?’

‘कुणी नाही.’

‘तसं नव्हे हो. शुद्ध कुणी करून दिली? जिनगराच्या घरात ही भाषा यायची कुठून?’

हे ते अगदी प्रेमानं म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. आठवड्यानं त्यांनी प्रत परत केली. मी ती भेट म्हणून दिली होती हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वर सांगितलं, ‘बरी आहे. पण मधे मधे खोगीरभरती फार झाली आहे.’

आता खोगीर कसं भरतात हे मला कुणी सांगायला नको. आम्ही जिनगर. मराठ्यांच्या फौजांबरोबर घोड्यांची जिनं शिवत आमचे पूर्वज माळव्यात आले. फौजा संपल्या, घोडे मिरवणुकीपुरते उरले, तरी आम्ही जिनंच शिवत राहिलो, आणि ती नसतील तेव्हा दरबारच्या वह्या नि देवळांच्या पोथ्या बांधत राहिलो. माझे वडील, आबा, खोगिरात लोकर भरण्याआधी मूठमूठ लोकर हातात घेऊन चाचपत. एखादा काटा राहिला तर घोड्याच्या पाठीला जखम होईल, म्हणून दिवसचे दिवस चाचपत. माझ्या कादंबरीत तितक्या काळजीनं भरती झाली असती तर मी स्वतःला धन्य समजलो असतो. हे हेडमास्तरांना सांगावंसं वाटलं. पण चिकानं जड झालेल्या हवेत तोंड उघडायचाच कंटाळा आला, आणि मी ‘होय, झाली आहे खरी’ असं म्हणून वर्गावर गेलो.

धारच्या लोकांसाठी मी ती लिहिलीच नव्हती. मुंबई-पुण्याच्या लोकांसाठीही नव्हती, जरी त्यांच्यापैकी कुणी चार बरे शब्द लिहिले असते तर मी ते कापून पेटीत ठेवले असते. मी ती लिहिली होती एका माणसासाठी, आणि त्या माणसाला वाचता येत नव्हतं.

कथा अशी. खंडू जिनगर एका सरदारासाठी जीन शिवतो. सरदाराचा हुकूम असतो की जीन खंडूनं स्वतः आणून दाखवायचं, आणि सरकारांची नजर पडेपर्यंत ते जमिनीला लागता कामा नये. त्या दिवशी खंडूची मुलगी तापानं फणफणलेली असते. तो सकाळी पागेच्या दारात जातो. सरकारांनी अफूची गोळी घेतलेली असते, ते उठलेले नसतात. ‘थांब जरा,’ असं त्याला सांगतात. जीन खांद्यावर घेऊन तो दिवे लागेपर्यंत उभा राहतो. घरी परत येतो तेव्हा मुलगी गेलेली असते. पुढं बरंच काही आहे. खंडूची बायको आहे, त्याचं गाव सोडणं आहे. पण कादंबरी म्हणजे हा एकच दिवस.

हा दिवस मी कल्पनेनं रचला नव्हता. माझी धाकटी बहीण चंद्रा अशीच गेली. देवासला, आमच्या घरात, मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत असताना. आबा दिवेलागणीला आले, त्यांनी दारातून आईकडे पाहिलं, काय झालं ते ओळखलं, आणि खांद्यावरचं जीन भिंतीशी नीट टेकवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तेच जीन खांद्यावर टाकून ते पुन्हा गेले, कारण सरकारांनी ते अजून पाहिलं नव्हतं. आबा रडले नाहीत. चंद्राचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. आईही वारली, तरी तो विषय घरात निघाला नाही. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की आबा, मी तिथं होतो, मी सगळं पाहिलं आहे. पण तोंडानं असं काही सांगण्याची आमच्या घरात रीत नव्हती. म्हणून मी एवढी पानं लिहिली.

होळीच्या सुटीत देवासला जाऊन, त्यांच्याजवळ बसून, मी त्यांना ती वाचून दाखवणार होतो. पण धीर धरवेना. देवासकडे निघालेल्या एका ओळखीच्या टांगेवाल्याबरोबर मी एक प्रत पुढे पाठवली आणि निरोप दिला, मी येईपर्यंत जपून ठेवा.

जपून ठेवा! आबांनी ती जपली ती त्यांच्या रीतीनं. छापखान्याचं ते पातळ कागदी वेष्टन पाहून त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी ते फाडून टाकलं, पानं पुन्हा शिवली आणि वर लाल खारव्याचं कापड चढवलं. चामड्यात बांधणं त्यांच्या हातचा मळ. पण चामडं देवापाशी चालत नाही, आणि मुलाचं पुस्तक कधीतरी देवापुढं ठेवावं असं त्यांच्या मनात होतं. बांधायला दोन बंदही लावले. जन्मभर ज्या माणसानं दरबारच्या वह्या आणि देवळातल्या पोथ्या, एवढंच बांधलं, त्याला तिसऱ्या तऱ्हेचं पुस्तक ठाऊक नव्हतं. माझी कादंबरी हिशेबाची वही नव्हती हे त्यांना कुणी सांगितलं असेल. म्हणजे मग ती पोथी, आणि पोथीची जागा देवळात.

पंधरवड्यानं तोच टांगेवाला धारला आला आणि शाळेच्या फाटकाशीच ओरडला, ‘भिया, थारी पोथी तो राममंदिर में बाँचे हे! घणी भीड़ पड़े हे. थारा बापू रोज जाय हे!’

मी खोटं कशाला बोलू? माझी पोथी राममंदिरात वाचतात, आबा रोज ऐकायला जातात, हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या. मी त्याला चहा पाजला आणि तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं. हेडमास्तर ओसरीवर उभे होते, त्यांच्या कानावर ते जावं एवढ्या मोठ्यानं विचारलं, ‘खूप गर्दी असते म्हणतोस?’ त्या दिवसानंतर मी स्वतःला जितक्या वेळा आठवलं, तितक्या वेळा सगळ्यात जास्त शिसारी आली ती चहा पाजणाऱ्या त्या हसऱ्या मास्तरची.

सुटी लागली आणि मी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता आणि त्याच्यामागे अफूची बोंडं काळपट पडत चालली होती. इंदूर मागे पडलं, देवीची टेकडी दिसू लागली, तसा मी टांग्यात सावरून बसलो. डोक्यावरची टोपी सारखी केली. देवासात शिरताना आपल्याला कोण कोण ओळखेल याचा हिशेब मांडत होतो, म्हणजे पाहा!

ज्यांनी देवास पाहिलं नाही त्यांना सांगितलं पाहिजे की हे एक गाव नाही, दोन आहेत, आणि दोन्ही एकाच जागी आहेत. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. रस्त्याची ही बाजू यांची, ती त्यांची. रस्त्यात मला थोरल्या पातीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘शाबास! धाकट्यांच्या दरबाराचे चांगले वाभाडे काढलेस.’ पुढं चार दुकानं गेल्यावर धाकट्या पातीचे एक भेटले. त्यांनी पाठीवर थाप मारली. ‘थोरल्यांची खोड मोडलीस, गणपतराव. हिंमत पाहिजे!’ मी कादंबरीत कुठल्याच गावाचं नाव घातलं नव्हतं. दोन्ही बाजूंना आनंद झाला होता, आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल दोघांपैकी एकानंही शब्द काढला नाही.

मग आमच्या आळीच्या तोंडाशी एका काकूंनी मला थांबवलं. त्या राममंदिरात रोज वाती वळायला बसत. ‘गणपत, अरे किती रे रडवलंस! त्या कारकुनाचे हाल ऐकवत नाहीत.’

‘कारकुनाचे?’

‘तुझ्या खंडेरावाचे. इतका सोज्वळ माणूस, आणि त्याच्या वाट्याला हे!’

मला वाटलं, काकूंचं वय झालं आहे, दुसऱ्या कुठल्या कथेशी घोळ होत असेल. मी हसून मान डोलावली आणि पेटी घरात टाकून तसाच मंदिरात गेलो. आबा माझ्या आधीच गेले होते.

सभामंडपात पुराणिकबुवा व्यासपीठावर बसले होते. समोर लाकडी ठवणी, ठवणीवर लाल खारव्यात बांधलेली माझी कादंबरी. तिला गंध लावलं होतं, वर झेंडूचं फूल होतं, पानांत अक्षता अडकल्या होत्या. बुवांना तपकिरीची सवय होती. ते चिमूट ओढत, शिंकत, उपरण्यानं नाक पुसत, आणि त्याच बोटांनी पान उलटत. माझ्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग पडला होता. बुवांनी आधी गणेशाला वंदन केलं, सरस्वतीला केलं, आणि मग माझं वाक्य वाचलं. म्हणजे माझं वाक्य जिथं सुरू होत होतं तिथं त्यांनी बोट ठेवलं.

‘तर श्रोते हो, आपले खंडेराव कारकून डोईवर दप्तराचा गठ्ठा घेऊन दिवाणसाहेबांच्या दारात उभे आहेत. दप्तर भुईला लागता कामा नये, अशी आज्ञा. कारण अक्षर म्हणजे कोण? साक्षात शारदा!’

माझ्या कादंबरीत शारदा नव्हती. दिवाणसाहेब नव्हते. दप्तर नव्हतं. मी पुढं ऐकत राहिलो. माझ्या खंडूच्या तळहातात आरी घुसते, तिथं खंडेरावांच्या बोटाला टाकाचं टोक लागलं. खंडूच्या अंगाला चरबीचा आणि लोकरीचा वास येतो म्हणून पागेतला नोकर त्याला वारा जातो त्या बाजूला उभं राहायला सांगतो, तिथं खंडेरावांच्या अंगाला चंदनाचा वास येत होता आणि नोकरानं त्यांना नमस्कार केला. घोडा खिंकाळतो ती ओळ बुवांनी गाळली, कारण दिवाणसाहेबांच्या दारात घोड्याचं काय काम? बाकी सगळं होतं तसंच होतं. ताप तोच, उभं राहणं तेच, दिवे लागणं तेच.

आणि लोक रडत होते. खोटं नव्हे, खरं रडत होते. बायकांचे वाती वळणारे हात थांबले होते. दरबारचे निवृत्त कामदार, म्हणजे कारभारी, अण्णासाहेब, ज्यांच्या हुकमानं हे वाचन चाललं होतं, उपरण्याचं टोक डोळ्यांना लावत होते. आमच्या माणसांची बसायची जागा ठरलेली, शेवटच्या खांबापलीकडे, जोड्यांच्या ढिगाशी. तिथं आबा बसले होते. पागोटं मांडीवर, हात जोडलेले, आणि डोळ्यांतून धार लागलेली. माझ्या आबांना रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते एका कारकुनासाठी रडत होते.

पुराण संपल्यावर मी बुवांना गाठलं. ते फूल काढून पोथीला बंद बांधत होते.

‘बुवा, माझा खंडू जिनगर आहे.’

‘माहीत आहे की. छापलंय तसं.’

‘मग कारकून कुठून आला?’

बुवांनी मला बाजूला घेतलं. त्यांना जराही संकोच वाटत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. ‘हे बघा मास्तर, पहिल्या दिवशी, तुमचे आबा यायला लागायच्या आधी, मी जिनगर असंच वाचलं. बायका आपसांत बोलायला लागल्या. दोघी उठून गेल्या. म्हटलं, पोराचं पुस्तक वाया जाणार. दुसऱ्या दिवशी त्याला जरा वरच्या पाटावर बसवला, तर मंडपात बसायला जागा नाही. तुमचं एक अक्षर वाईट केलं नाही मी. उलट चांगलंच केलं. रडले की नाही लोक?’

‘उद्या मी वाचतो.’

‘तसं चालत नाही. एकदा लावलेल्या पोथीचा वाचणारा मधेच बदलत नाहीत. दोष लागतो.’

‘बुवा, ती पोथी नाही!’

त्यांनी लाल खारव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भ्रमिष्ट माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, ‘उन्हातून आलात. पाणी प्या जरा.’

अण्णासाहेब जवळ आले होते. त्यांनी मला आशीर्वाद दिला. समाप्तीच्या दिवशी शाल-नारळ द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ‘गणपत, तुझ्या हाताला यश आहे,’ ते म्हणाले. ‘तेवढं दुसऱ्या आवृत्तीत कारकून करून टाक. आता सगळ्यांना तसंच ठाऊक झालंय. उगाच वाचणाऱ्याचा गोंधळ नको.’ यात त्यांचा काही डाव नव्हता. एखाद्याच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात अडकलं असेल तर आपण सांगतो ना, तसं ते सांगत होते.

दुसरी आवृत्ती निघालीच नाही. पहिलीचा अर्धा गठ्ठा अजून माझ्या माळ्यावर आहे. पण कारकून मात्र माझ्या पुढं गेला. गेल्या साली धरमपुरीला नर्मदेवर स्नानाला गेलो होतो. नावेची वाट बघत घाटावर बसलेल्या एका बाईनं दुसरीला दप्तर डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या खंडेरावाची कथा सांगितली, आणि दोघींनी पदर डोळ्यांना लावले. परवा सरदारपूरहून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्याच ओसरीवर बसून ती मलाच ऐकवली. ‘कुण्या मोठ्या शास्त्र्यानं लिहिली आहे म्हणतात,’ ते म्हणाले, ‘तुम्हीही लिहिता ना? असं काहीतरी लिहा.’ त्यांना मी चहा दिला नाही.

समाप्तीच्या दिवशी बुवांनी कादंबरीला फलश्रुती जोडली, असं मागाहून कळलं. जो हे आख्यान भक्तीनं ऐकेल त्याची बढती होईल, वांझेला पुत्र होईल, घरातलं आजारपण हटेल. घरातलं आजारपण! मी मंदिरात फिरकलो नाही, म्हणून शाल बुवांच्याच अंगावर घातली. त्यात गैर काही झालं नाही, कादंबरी त्यांचीच होती.

कधी कधी शांत बसून मी विचार करतो की मला नक्की वीट कशाचा आला. बुवांचा? ते बिचारे श्रोते सांभाळत होते. काकूंचा? त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, आणि तेच तर जास्त किळसवाणं होतं. चंदनाचा वास येणाऱ्या माणसासाठी त्यांच्याजवळ एवढी माया शिल्लक होती. ती माया आमच्या आळीच्या तोंडाशी राहून, आमच्या दारावरून रोज येऊन-जाऊन, चंद्रा गेली त्या दिवशी कुठं होती? त्या वेळी याच काकूंनी आईला सांगितलं होतं, तुमच्यात पोरं होतात आणि जातात, धीर धर. लिहिणाऱ्यानं माणसांचं हृदय हलवावं म्हणतात. हललेलं हृदय मी पाहिलं. ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

पण त्या दिवशी मंदिरातून घरी येताना मी अजून इतका हताश नव्हतो. गाव गेलं खड्ड्यात, मी म्हटलं. ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती कळली म्हणजे झालं. धारहून आणलेली दुसरी एक प्रत पेटीत होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओसरीवर दोऱ्याला मेण लावत बसले होते. मी त्यांच्यापुढं बसलो आणि म्हणालो, ‘आबा, बुवांनी वाचली ती माझी नव्हे. माझी ऐका.’

‘वाच की,’ आबा म्हणाले. ‘बुवांइतकं ठसक्यात नाय यायचं तुला. पण वाच.’

मी पागेच्या दारापासून वाचायला सुरुवात केली. खंडूच्या खांद्यावरचं जीन आलं, तेव्हा आबांनी मान वर केली.

‘जीन कुठून आलं? त्याच्या डोक्यावर दप्तर होतं ना?’

‘दप्तर नव्हतं आबा. खंडू कारकून नाही. तो जिनगर आहे.’

‘मग कारकुनाचं काय केलंस तू?’

‘कारकून नव्हताच.’

दोऱ्यावरून मेणाची गोळी फिरत राहिली. मी वाचत गेलो. घोडा खिंकाळला. नोकरानं खंडूला वारा जातो त्या बाजूला उभं केलं. ऊन भिंतीवरून उतरलं, दिवे लागले, खंडू घरी आला. त्यानं दारातून बायकोकडे पाहिलं. जीन भिंतीशी नीट टेकवून ठेवलं. तिथं मी थांबलो, कारण पुढं वाचणं मला शक्य नव्हतं. मेणाची गोळीही थांबली होती.

‘ही चंद्री,’ आबा म्हणाले.

‘हो.’

‘तू तर ल्हान होतास रे. पट्ट्या ठेवत होतास तिला.’

‘मी सगळं पाहिलं होतं, आबा.’

‘हौ,’ ते म्हणाले. ‘पाहिलं असशील.’ आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मेणानं चिकट झालेला. तो बराच वेळ तिथं होता. एवढ्यासाठीच मी लिहिलं होतं, आणि ते मला मिळालं होतं. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कादंबरीकार होतो. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

‘आबा, काल देवळात तुम्ही रडत होता.’

‘रडलो. वाईट वाटलं फार. एवढा शिकला-सवरला माणूस, कारकून, आणि त्याला कुणी दिवसभर दारात उभं करतं? त्याची पोर घरी मरते? नाय सहन झालं.’

‘आणि हे?’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतका शिकून असं कसं विचारतो, याचं त्यांना खरोखर नवल वाटलं असावं.

‘हे काय, आपलंच आहे,’ ते म्हणाले. ‘जिनगर तर दारातच उभा राहतो.’

त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला, हात धुतले आणि पागोटं बांधायला घेतलं. पुराण सुरू व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण जोड्यांच्या ढिगाशी बसलं की बुवांचं नीट ऐकू येत नाही, लवकर गेलं तर खांबाला लागून जागा मिळते, म्हणून ते भर उन्हात निघाले.